शेरा वाच

मी मूळचा बडोद्याचा, दांडिया बाजारातला. गेली अठरा वर्षं ओहायोत आहे. ही गोष्ट ग्रुपवर टाकू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण गोष्ट बिअरची आहे आणि आपण पडलो दारूबंदीवाले. लहानपणी आमच्या घरात बाटली म्हणजे रॉकेलची, नाहीतर गुलाबपाण्याची.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्यापासून घरी स्वतःपुरती बिअर करायला मुभा आहे. मला हा नाद एका शेजाऱ्यामुळे लागला. माल्ट उकळायचं, हॉप्स घालायचे, गार करून यीस्ट टाकायचं आणि वाट बघायची. तळघरात एकोणीस लिटरचं पिंप. मित्र यायचे, प्यायचे, "एक नंबर!" म्हणायचे. त्या भरात इथल्या क्लबच्या स्पर्धेत माझी पेल एल पाठवून दिली.

स्पर्धेत बाटलीवर नाव नसतं, फक्त नंबर. परीक्षक निदान दोघं असतात. आधी आपापलं लिहितात, मग बोलतात. एकूण गुण ५०: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर मताला १०. मला पडले २४. दोन्ही कागदांवर एकच तक्रार, लोण्याचा वास. एकाने तर लिहिलं होतं, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नसारखा.

मला राग आला. वीस जणांनी वाखाणलेली बिअर, आणि हे दोघे कोण टिकोजीराव? कागद फ्रिजवर लावला, तोही बायकोला दाखवून हसायला.

मे महिन्यात बाबा आले. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर तबला शिकवला, आणि संगीताच्या परीक्षा घ्यायला भरूच, नवसारी, सुरत करत फिरले. दारूचा थेंब नाही. त्यांना मी तळघरातल्या पिंपाबद्दल काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना चष्मा सरसावून फ्रिजपाशी उभे.

"हे प्रगतिपुस्तक कोणाचं?"

"माझं." चाळिशी उलटलेला मी, पण पोटात गोळा आला. सगळं सांगून टाकलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही कागद नीट वाचले. मग म्हणाले, "माणसं जाणकार आहेत रे. आधी काय आढळलं ते लिहिलंय, मग कशामुळे झालं असेल ते, मग काय करावं ते. मत शेवटी. आम्ही नव्या परीक्षकांना हेच सांगायचो." थोडं थांबून म्हणाले, "आणि दोघांनी वेगवेगळं बसून एकच लिहिलंय. मग कान तुझा कच्चा."

शिल्लक बाटली उघडायला लावली. प्यायले नाहीत, नुसता ग्लास नाकाशी धरला. "लोणी आहे."

तेव्हा कुठे मी परीक्षकांचा खालचा मजकूर मन लावून वाचला. लोण्याच्या त्या वासाला डायसिटिल म्हणतात. आंबताना तो तयार होतोच, पण शेवटी यीस्टच तो परत खाऊन टाकतं. त्याला तेवढे दिवस द्यावे लागतात. मी स्पर्धेची तारीख गाठायला सहाव्या दिवशीच पिंप थंड केलं होतं. यीस्टला अर्ध्या जेवणातून उठवलं म्हणा ना.

पुढच्या खेपेला घाई केली नाही. क्लबातल्या एकाने चाचणी शिकवली. बिअरचे दोन नमुने घ्यायचे, एक झाकून गरम पाण्यात ठेवायचा, मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर काम बाकी आहे. माझ्या नाकावर माझा भरवसा राहिला नव्हता. मी ग्लास बाबांपुढे ठेवले.

"अजून नाही. थांब."

पिंप जरा उबदार कोपऱ्यात सरकवलं. तीन दिवसांनी पुन्हा दोन ग्लास. बाबांनी डोळे मिटून दोन्ही हुंगले, अदलाबदल करून परत हुंगले. "आता दोन्ही सारखे." शेजारच्या आळीत कळलं असतं, तर बडोद्यात काय बोभाटा झाला असता, या विचाराने आम्ही दोघं पोट धरून हसलो. बाबांबरोबर असं हसल्याचं मला आधीचं आठवत नाही. लहानपणी मी तबला अर्धवट सोडला होता, तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं.

बाबा परत गेल्यावर निकाल आला. ३३ गुण, पदक नाही. लगेच बडोद्याला फोन लावला.

"बाबा, तेहतीस पडले! मागच्यापेक्षा नऊ जास्त."

"ते असू दे. शेरा वाच."

मी वाचला. लोण्याचा वास नाही, वास स्वच्छ. पण कडवटपणा जिभेवर जास्त वेळ रेंगाळतो, शेवट थोडा खरखरीत.

पलीकडे क्षणभर शांतता. मग बाबा म्हणाले, "हं. म्हणजे आता समेवर येताना गडबड होतेय. ते बघू. पुढचं पिंप कधी लावतोयस?"