कोपरा

भोंगा म्हटलं की आपल्याला मिरवणूक आठवते. घरात मात्र हॉर्न स्पीकर बांधायचा तो हळू ऐकायला. एका वॅटवर, एक मीटरवरून साधा स्पीकर ८७-८८ डेसिबल देतो, मोठा हॉर्न १०० च्या पुढे. म्हणजे ८ वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरही पुरून उरतो.

पॉल क्लिपशने १९४६ पासून विकलेल्या क्लिपशहॉर्नमध्ये खोलीचा कोपराच भोंग्याचं तोंड होतो. त्या धर्तीवर मी प्लायवूड कापतोय. आत दुमडलेली वाट, प्रत्येक सांधा हवाबंद. कंटाळवाणं, पण झोप उडवणारं काम. एक पेटी झाली. तिच्यातून किशोरीताईंचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

दुसरीसाठी उरलेल्या कोपऱ्यात आईचा देव्हारा आहे.

"एका पेटीतून गाणं अर्धंच येतं का रे?" ती विचारते.

दुसरीचे तुकडे सध्या माझ्या पलंगाखाली आहेत.