शक्तितः तप आणि राहिलेली वंदना

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, ताहाराबादच्या पुढे गेले की सेलबारी डोंगररांगेवर दोन सुळके शेजारी-शेजारी उभे दिसतात. पश्चिमेचा मांगी ४,३४३ फूट उंच, तर पूर्वेचा तुंगी ४,३६६ फूट. दिगंबर परंपरेनुसार राम, हनुमान, सुग्रीव आदी ९९ कोटी मुनी येथून मोक्षास गेले. पायथ्याच्या भिलवाडहून सुमारे साडेतीन हजार पायऱ्या चढल्या की कातळात कोरलेल्या गुंफा आणि तीर्थंकरांच्या प्राचीन मूर्तींचे दर्शन घडते. २०१६ साली याच पर्वतावर अखंड पाषाणातील १०८ फूट उंच ऋषभदेवांच्या मूर्तीची पंचकल्याणक प्रतिष्ठा झाली.

अशा क्षेत्री पायी वंदना करावी ही प्रत्येक श्रावकाची इच्छा. पुण्यातील एका कुटुंबाने शनिवार-रविवार साधून तसा बेत आखला होता. घरातील आजींना प्रतिष्ठेच्या वर्षापासून ही ओढ लागलेली. आजोबांचा निश्चय होता की डोली घ्यायची नाही. सोवळ्याची वस्त्रे, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचे डबे, गाळलेले पाणी अशी सारी तयारी झाली. शुक्रवारी सायंकाळी जड पिशवी उचलताना आजोबांच्या कमरेत चमक भरली आणि ते भिंत धरून उभे राहिले.

आजोबांनी दुखणे लपवण्याचा प्रयत्न केला. पट्टा बांधून, वेदनाशामक गोळी घेऊन निघू, असे ते म्हणाले. आपल्यामुळे मुले-नातवंडांची वंदना चुकावी, हे त्यांना कमरेपेक्षा अधिक सलत होते. निर्णय आजींनी घेतला. “अहो, पर्वत कुठे जात नाही. तुम्ही अर्ध्या वाटेवर बसलात, तर आमचे चित्त भगवंतापाशी राहील का?” सर्वांत जास्त ओढ त्यांचीच होती, त्यामुळे यावर कोणी काही बोलले नाही. भरलेल्या पिशव्या रिकाम्या झाल्या.

रविवारी सकाळी घरातच निर्वाणकांडाचा पाठ झाला. त्यात तुंगीगिरीचा उल्लेख आला तेव्हा आजोबांचा स्वर क्षणभर अडखळला. नातीने कारण विचारले आणि मग मोक्षास गेलेल्या मुनींची कथा तासभर चालली. सहलीच्या धावपळीत ती इतक्या निवांतपणे सांगितली गेली असती की नाही, कोण जाणे.

सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्त्याग’ आणि ‘शक्तितस्तप’ अशी दोन नावे आहेत. त्याग आणि तप शक्तीनुसार करावे, शक्ती लपवू नये आणि ओलांडूही नये, हा त्यांचा आशय. पायी वंदनेचा आग्रह जेव्हा ‘मी चढून दाखवीन’ यावर येतो, तेव्हा तप मागे पडते आणि मान कषाय पुढे येतो. पर्वतावरचे ऋषभदेव कायोत्सर्गात उभे आहेत. देहाचे ममत्व सोडणे निराळे आणि देहाची हेळसांड करणे निराळे.

ज्येष्ठांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. गाडीत सलग बसण्याने कंबरेवर ताण येतो, म्हणून दीड-दोन तासांनी उतरून थोडे चालावे. वजन उचलताना गुडघे वाकवावेत, पाठ नव्हे. कमरेची साधी उसण बहुधा काही आठवड्यांत उतरते. तोवर अंथरुणाला खिळून न राहता झेपेल तशी हालचाल ठेवावी. मात्र पायात बधिरपणा वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा ताप आला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. बरे वाटल्यावरही आधी नाशिकजवळील म्हसरूळच्या गजपंथासारख्या कमी पायऱ्यांच्या सिद्धक्षेत्री जाऊन आपली शक्ती पाहावी. मांगीतुंगीस डोली घेण्यात कमीपणा मानू नये.

पायऱ्यांची वंदना पुढे ढकलता येते. भाववंदनेला कंबर आड येत नाही.