टेम्पररी कॅप निघाल्यावर




रूट कॅनॉल झालेल्या दाढेवरची टेम्पररी कॅप निघून आली आणि दाढ मुळीच दुखत नसली, तर कॅप लगेच बसवून घेण्याची घाई कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु खरी अडचण त्या न दुखण्यातच आहे. रूट कॅनॉलमध्ये दाताचा मगज, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्या असलेला आतला मऊ भाग, काढून टाकतात, मुळांतील नलिका बारीक फाइलींनी घासून व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुऊन घेतात आणि शेवटी त्या गट्टापर्चाने भरतात. (गट्टापर्चा हा आग्नेय आशियातील झाडांचा चीक.) आत नसच उरली नसल्याने थंड-गरम जाणवत नाही, आणि त्यामुळे उघड्या दाढेत बिघाड सुरू झाला तरी हिरडी सुजेपर्यंत किंवा चावताना ठणका लागेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही.

टेम्पररी कॅप ॲक्रिलिकची किंवा तत्सम प्लास्टिकची असते, आणि ती ज्या सिमेंटने चिकटवतात ते मुद्दामच कच्चे असते. झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातील मुख्य घटक, यांचे हे मिश्रण कॅप धरून ठेवते, पण पक्की कॅप बसवण्याच्या दिवशी डॉक्टरांना ती सहज काढता यावी इतपतच. निघालेल्या कॅपच्या आत पांढुरका चुरा दिसतो आणि तिला लवंगेचा वास येतो, तो त्यामुळे. तेव्हा चिक्कीच्या तुकड्याने किंवा फ्लॉसचा दोरा बाजूने न काढता वर खेचल्याने कॅप निघाली, तर त्यात डॉक्टरांच्या हाताला दोष देण्यासारखे काही नाही. मात्र तीच कॅप पुन्हा पुन्हा निघत असेल, तर दाढेचा घासून उरलेला खुंट आखूड आहे का, चावताना कॅप उंच लागते का, की झोपेत दात खाण्याची सवय आहे, हे पाहून घ्यावे लागते.

रूट कॅनॉलने दात ठिसूळ होतो, हा समज अर्धाच खरा आहे. रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी १९८९ मध्ये, तोंडातून काढून टाकलेल्या उपदाढांवर प्रयोगशाळेत जी मोजमापे घेतली, त्यांत रूट कॅनॉलच्या प्रक्रियेने दाताचा ताठरपणा जेमतेम ५ टक्के घटला, तर दोन्ही बाजूंच्या कडा कोरून केलेल्या खड्ड्याने तो सुमारे ६३ टक्के घटला. म्हणजे दाढ दुबळी होते ती मुख्यतः किडीने आणि ती काढताना गेलेल्या भिंतींमुळे; उरलेल्या भिंती कॅपशिवाय चावण्याचा भार घेऊ लागल्या की त्या फाकतात, आणि चीर मुळापर्यंत उतरली तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरा धोका लाळेचा: झाकण नसेल तर ती जंतूंसह नलिकांच्या भरणीत झिरपते. रे आणि ट्रोप यांनी १९९५ मध्ये रूट कॅनॉल केलेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले, तेव्हा मुळाच्या टोकाशी असलेल्या हाडाचे आरोग्य नलिकांच्या भरणीपेक्षाही वरच्या झाकणाच्या दर्जावर अधिक अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. पुढील अभ्यासांनी दोन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व दिले, तरी वरचे झाकण दुय्यम नाही, एवढे निश्चित झाले. शिवाय मोकळ्या जागेकडे शेजारचा दात कलतो, समोरचा दात सरकतो, हिरडी खुंटाच्या कडेवर चढते, आणि मग माप देऊन तयार झालेली पक्की कॅप बसेनाशी होते.

निघालेली कॅप धुऊन डबीत जपून ठेवावी, त्या बाजूने चावू नये, पण ब्रश हलक्या हाताने चालू ठेवावा आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठावा. फेव्हिक्विकसारखा घरगुती गोंद अजिबात वापरू नये. सैल कॅप तोंडात ठेवून झोपणे त्याहून वाईट, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. गिळली गेलेली कॅप बहुधा आपोआप शौचावाटे पडते, परंतु खोकला किंवा धाप लागल्यास थेट रुग्णालयात जावे. कॅप अखंड असेल तर दवाखान्यात जुने सिमेंट खरवडून तीच पुन्हा चिकटवतात, रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतात, आणि चीर गेली असेल तर नवी करतात. हे काम सहसा एका बैठकीत उरकते. दुखणे थांबले म्हणून पक्की कॅप महिनोन्महिने लांबवणारे पुष्कळ असतात आणि खर्च पाहता त्यांचे अडखळणे समजण्यासारखे आहे, तथापि फुटलेली दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवण्याचा खर्च कॅपपेक्षा कितीतरी जास्त येतो.