सही एकाची, सेवा दुसरीची

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

पेशंटला घरी सोडलं की आपल्याकडं म्हणतात, "सुटला एकदाचा." डिस्चार्ज म्हणजे सुटका, असंच आपण धरून चाललोय. खरं बघितलं तर त्या दिवशी फक्त दवाखाना सुटतो, आजार आपल्याबरोबर गाडीत बसून घरी येतो. तो घरी कुणी सांभाळायचा, कसा सांभाळायचा, याची चर्चा पेशंट ॲडमिट असताना जवळजवळ होतच नाही. बिलाची होते, इन्शुरन्सची होते, गाडी कुणाची सांगायची याची होते.

आपण जयसिंगपूरकर तसे नशीबवान. मिरज-सांगली दाराशी. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हा पट्टा दवाखान्यांचा. अथणी, चिकोडी, विजापूरकडची माणसं रेल्वे आणि एसटी बदलत इकडं येतात आणि आपल्याला मोठ्यातलं मोठं ऑपरेशन घराजवळ मिळतं. तेव्हा उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं आहे ते घरी सोडतानाच्या शेवटच्या दोन तासांबद्दल.

आमच्या घरचंच सांगतो. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण हे बहुतेक ठिकाणी असंच चालतं. माझ्या चुलत्यांना, तात्यांना, गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळता येईना. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार आहेतच. नवव्या दिवशी सकाळच्या राऊंडला "आज सोडूया" म्हणाले. मग इन्शुरन्सची मंजुरी येईपर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. साडेपाचला काउंटरवर फाईल, औषधांची पिशवी आणि दहा मिनिटांची माहिती.

ही माहिती घेतली कुणी? माझ्या चुलत भावानं. तो चाकणला कंपनीत आहे, रजा संपलेली, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला निघायचं होतं. सही त्यानंच केली. आणि ज्या माणसाला घरी सगळं करायचं होतं, ती वैनी खाली बाकावर थर्मास, बादली आणि कपड्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेली. वरती जायला पास एकच. तिला वर बोलवावं असं कुणाला सुचलं नाही, ना दवाखान्याला, ना घरच्यांना.

घरी आलो. दाराला तीन पायऱ्या. संडास मागच्या अंगणात, खाली बसायचा. तात्यांच्या नाकात नळी, लघवीला पिशवी. रात्री नऊ वाजता वैनीनं फाईल उघडली. सगळं इंग्रजीत. एका ओळीत नुसतं लिहिलेलं, 'बॅक केअर'. तिनं फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तो म्हणाला, "बॅक म्हणजे पाठ, केअर म्हणजे काळजी. एवढंच मलाही कळतंय."

सातव्या दिवशी तात्यांच्या माकडहाडावरची कातडी सोलली. अकराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लघवीला इन्फेक्शन. परत ॲडमिट, परत पाच दिवस. का, तर लघवीची पिशवी खाटेवर त्यांच्या शेजारी ठेवलेली होती. जमिनीला टेकली तर घाण होईल, म्हणून स्वच्छतेच्या विचारानंच वैनीनं ती वर ठेवलेली. पिशवी कंबरेच्या खालच्या पातळीला टांगायची असते, नाहीतर लघवी उलटी मागं जाते. एका वाक्याची गोष्ट आहे ही. ते वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा घरी आणल्यावर गल्लीतल्या एक निवृत्त सिस्टर आपणहून आल्या. तासभर बसल्या. नळीतून भरवताना उशा लावून डोकं आणि पाठ वर घ्यायची, भरवून झाल्यावर अर्धा तास तसंच ठेवायचं, नळीतून थोडं पाणी सोडायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायची. उठवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. आणि हे त्यांनी नुसतं सांगितलं नाही. वैनीकडून एकेक करून घेतलं. पाठीची जखम भरायला पुढं दोन महिने लागले, पण नवीन जखम झाली नाही.

तेव्हापासून मी बातमीच्या निमित्तानं कुठल्याही दवाखान्यात गेलो की एक गोष्ट बघतो. काउंटरपाशी समजून घेणारं माणूस कोण आहे? बहुतेक वेळा घरातला पुरुष, शिकलेला पोरगा, नाहीतर 'ओळख असलेले' पाहुणे. घरी भरवणारी, पुसणारी, रात्री उठणारी कोण? बायको, सून, लेक. ज्याला सांगितलं जातं तो करत नाही, जी करते तिला सांगितलं जात नाही. आपल्या डिस्चार्जमधली मोठी गळती ही आहे, आणि ती बुजवायला मशीन लागत नाही की इमारत लागत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं मोठ्या शहरातलं, परदेशातलं झालं. तसं नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत आपल्या सरकारनं हे कधीच मान्य केलंय, आणि त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी घ्यायला लावली. ३९ गावांत बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढं २०११ पासून देशभर हीच पद्धत लागू झाली. आज बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन बाळ बघते. सरकारी दवाखान्यातून बाळंतिणीला घरी सोडायला गाडीसुद्धा फुकट आहे.

आणखी एक. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आजारी नवजात बाळांच्या कक्षात आईवडलांना आत घ्यायला सुरुवात झाली. हात कसे धुवायचे, बाळाला छातीशी कसं धरायचं, दूध कसं पाजायचं, घरी गेल्यावर धोक्याची लक्षणं कुठली, हे बाळ ॲडमिट असतानाच शिकवायचं. २०१७ साली केंद्र सरकारनं याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे दीड किलोच्या बाळासाठी घरचं माणूस हा उपचाराचा भाग आहे, हे कागदावर आलंय. मग सत्तर वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या तात्यांसाठी का नाही? बाळाच्या घरी सहा वेळा माणूस येतं, म्हाताऱ्याच्या घरी बहुतेक ठिकाणी एकदाही नाही.

मोठ्या माणसांसाठी असं काम होऊ शकतं, हे दाखवणारी जागाही आपल्याजवळ आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून चालू आहे. कॅन्सरच्या पेशंटना तिथं पैसे न घेता सांभाळतात, सोबत घरचं एक माणूस राहतं आणि काळजी कशी घ्यायची हे ते माणूस तिथं शिकून घेतं.

बाहेरच्या देशांत तर याचे कायदे झालेत. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यानं २०१४ साली पहिला केला, नंतर चाळीसवर राज्यांनी. पेशंट ॲडमिट झाला की त्याची घरी काळजी कोण घेणार त्याचं नाव नोंदवायचं, सोडण्याआधी त्या माणसाला कळवायचं आणि जे करायचं ते शिकवायचं. इंग्लंडमध्ये २०२२च्या आरोग्य कायद्यानं काळजी घेणाऱ्या माणसाला डिस्चार्जच्या नियोजनात लवकरात लवकर सामील करून घेणं दवाखान्यांवर बंधनकारक केलं.

आपल्याकडं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ साली रुग्णहक्कांची सनद केली. १७ हक्क आहेत. आजाराची माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यानं नर्सिंग होम नोंदणीचे नियम बदलले, त्यानुसार खासगी दवाखान्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे. पुढच्या वेळी गेलात तर भिंतीवर शोधा. पण 'सांभाळणाऱ्याला शिकवल्याशिवाय सोडायचं नाही' असं कलम आपल्याकडं अजून नाही.

आता दुसरी बाजूही बघू, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

एक. घरच्यांना शिकवलं की पेशंट चालायला लागेल, असं कुणी समजू नये. पॅरालिसिसच्या पेशंटवर भारतातच एक मोठा अभ्यास झालाय. १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम करून घ्यायला शिकवलं, निम्म्यांना नेहमीचे उपचार. २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले सारखेच निघाले, ४७ टक्के. म्हणून सून म्हणजे फुकटातली फिजिओथेरपिस्ट, असा हिशोब कुणी मांडू नये. दवाखान्याचा भार तिच्या डोक्यावर टाकायला ही पोस्ट नाही. भार तिच्या डोक्यावर आहेच. तो उचलताना तिच्या हातून पेशंटला इजा होऊ नये, एवढं शिकवा, इतकंच म्हणणं आहे.

दोन. दवाखान्यांची अडचण खोटी नाही. एका सिस्टरकडं बेड किती असतात ते आपण बघतोच. आणि आपण पाहुणेही काही कमी नाही. रोज वेगळा माणूस जाऊन डॉक्टरांना तेच विचारतो. सकाळी मामा, दुपारी साडू, संध्याकाळी पुण्याहून फोनवर जावई. डॉक्टर किती जणांना सांगणार? म्हणूनच एक नाव ठरवणं दवाखान्याच्याही फायद्याचं आहे.

तर आपल्या हातात आज काय आहे, ते सांगतो. सेव्ह करून ठेवा.

१. पेशंट ॲडमिट झाला त्याच दिवशी घरात बसून ठरवा, घरी आल्यावर प्रत्यक्ष कोण करणार. ती जर सून असेल तर आधी तिला विचारा. मग तिचं नाव आणि मोबाईल नंबर सिस्टरना केसपेपरवर लिहायला सांगा.

२. डिस्चार्जच्या निदान एक दिवस आधी तिला वॉर्डात पाठवा, पास तिच्या हातात द्या. नळी, लघवीची पिशवी, ड्रेसिंग, इन्सुलिन, जे काय असेल ते सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं एकदा करू दे. परवानगी घेऊन मोबाईलवर व्हिडिओ करा.

३. घर कसं आहे ते डॉक्टरांना सांगा. पायऱ्या किती, संडास कसला, खाट आहे की खाली अंथरूण, रात्री शेजारी कोण झोपणार. फोटो दाखवला तर उत्तम.

४. '१-०-१', 'बीडी', 'एसओएस' हे तिथंच समजून घ्या आणि पाकिटावर मराठीत लिहा: सकाळ, दुपार, रात्र. घरात आधीपासून चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या आता घ्यायच्या की बंद, हे न विसरता विचारा.

५. काय झालं तर लगेच परत आणायचं, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, हे लिहून घ्या.

६. महात्मा फुले योजनेतून उपचार झाले असतील तर आरोग्यमित्राला गाठा. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी आणि औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात. घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या सेकंड क्लासचं भाडंसुद्धा. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

७. जी सांभाळणार तिला आठवड्यातून अर्धा दिवस मोकळीक कोण देणार, तेही नावानिशी ठरवा. भेटायला येताना पेशंटला नारळपाणी आणता, तसं तिला दोन तास झोप द्या.

आपल्या भागातल्या डॉक्टर मंडळींना, हॉस्पिटल चालवणाऱ्यांना हात जोडून एकच मागणी. नळी, पिशवी, पाठीच्या जखमा, लुळी बाजू यांच्या सूचना एका पानावर छापा. मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण बरेच पेशंट सीमेपलीकडचे आहेत. आणि ते पान काउंटरवर सही करणाऱ्याला नको, वॉर्डात जी सांभाळणार तिला द्या. बिल तयार होईपर्यंतचे चार-पाच तास आपण सगळेच नुसते बसून असतो. त्यातला एक तास पुरे आहे.

सरकारकडं मागणी दुसरी आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस घरी आला की पहिल्या आठवड्यात आरोग्य केंद्रातून कुणीतरी घरी येऊन बघावं. फक्त हे काम आशाताईच्या गळ्यात फुकट मारू नका. तिला त्याचा मोबदला ठरवून द्या.

तुमच्या घरी काय घडलं ते खाली लिहा. दवाखान्याचं नाव घालू नका, भांडण कुणा एकाशी नाही. काय सांगितलं गेलं नव्हतं, तेवढंच लिहा. विशेषतः बायकांनी लिहा. अशी शंभर वाक्यं जमली, तर ते एक पान आपणच छापू आणि मिरज-सांगली-इचलकरंजीच्या दवाखान्यांत नेऊन देऊ. छपाईचा खर्च माझ्याकडं.