मोजमर्यादेच्या खाली

रक्तातल्या औषधाच्या प्रमाणांच्या रकान्यात मध्येच ‘बीएलक्यू’, म्हणजे ‘मोजमर्यादेखाली’, अशी तीन अक्षरं येतात. औषध संपलं, असा त्याचा अर्थ नव्हे. आकडा खात्रीनं सांगता येत नाही, एवढंच. मोजमाप साधारण २० टक्क्यांच्या आत बरोबर येईल असं सर्वांत कमी प्रमाण, ही प्रयोगशाळेची मर्यादा. त्याखालचा आकडा सहसा कळवत नाहीत.

या आकड्यांवरून औषध शरीरातून कसं घटतं याचं गणिती मॉडेल बांधणाऱ्याला या ओळी गाळून टाकाव्याशा वाटतात. काही जण तिथे मर्यादेच्या निम्मा आकडा भरतात. समजा, मर्यादा दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम, औषधाचं अर्धायुष्य ६ तास, आणि चोविसाव्या तासाला सरासरी रुग्णाच्या रक्तात नेमकं १ नॅनोग्रॅम उरलं आहे. छत्तिसाव्या तासाला ते ०.२५ होईल, अठ्ठेचाळिसाव्याला ०.०६. निम्मा आकडा भरणारा दोन्हीकडे ०.५ लिहितो, आणि आलेखाची शेपटी आडवी होते. गाळणाऱ्याचंही तसंच. त्याच्याकडे ज्यांच्या रक्तात औषध रेंगाळलं तेच रुग्ण उरतात. ज्यांच्या शरीरानं ते झपाट्यानं बाहेर टाकलं, ते हिशेबातूनच गेले. अर्धायुष्य फुगतं. पुढचा डोस किती तासांनी द्यायचा हे बरंचसं त्यावर ठरत असल्यामुळे ही चूक रुग्णाला भोगावी लागू शकते.

सॅन फ्रान्सिस्कोचे स्टुअर्ट बील यांनी २००१ साली एका शोधनिबंधात यावरच्या सात पद्धती मांडल्या, एम१ ते एम७. लुईस शायनर यांच्यासोबत ‘नॉनमेम’ हे अशी मॉडेलं बांधायचं सॉफ्टवेअर घडवणारे ते हेच. त्या सात पद्धतींतली एम३ सर्वांत प्रामाणिक वाटते. ती आकडा कल्पून भरत नाही. मॉडेल खरं असेल तर मोजमाप मर्यादेखाली येण्याची शक्यता किती, एवढंच विचारते. मॉडेल ३ नॅनोग्रॅम सांगत असेल आणि नोंद ‘बीएलक्यू’ असेल, तर मॉडेलचे गुण कापले जातात. मुळात ही युक्ती अर्थशास्त्रातली: जेम्स टोबिन यांनी १९५८ साली कुटुंबांच्या मोठ्या वस्तूंवरच्या खर्चासाठी ती वापरली, कारण कित्येक घरांचा तो खर्च शून्य होता.

एम३ला वेळ लागतो. त्यासाठी वापरलेलं लाप्लास पद्धतीचं गणित कधी अडकतं, सुरुवातीचे अंदाज बदलून पुन्हा चालवावं लागतं. तो खटाटोप करावाच. आणि तपासताना नेहमीच्या आलेखाखाली दुसरा काढावा: प्रत्येक वेळेला प्रत्यक्षात किती टक्के नमुने मर्यादेखाली गेले, आणि मॉडेलनं रचलेल्या रुग्णांत किती. वरचा आलेख सुरेख जुळूनही खालचा फसतो, तेव्हा पुन्हा मॉडेलकडेच वळावं लागतं.