कायदा झाला, आता घरी येऊ का?

आमच्या वस्तीतला एक मुलगा. चौदा एप्रिलला निळ्या पताका बांधायला सगळ्यांच्या आधी शिडीवर चढणारा. 2015 साली त्याने आईला सांगितले, माझे मन मुलींत नाही, मुलांत आहे. त्याच रात्री बाप आमच्याकडे आला. वस्तीचे अर्ज आम्ही लिहितो, म्हणून सल्लाही आम्हालाच विचारतात. "लग्न लावून द्या, सुधारेल," असे आम्ही सांगितले. महिन्याभरात पोरगा घर सोडून गेला.

पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. इंग्रजांनी 1860 साली केलेल्या कायद्यातले कलम 377. दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध त्याखाली गुन्हा होते, ते आता गुन्हा राहिले नाहीत. निकाल देताना न्यायमूर्तींनी बाबासाहेबांच्या संविधानिक नैतिकतेचा आधार घेतला. ही नैतिकता उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, असे बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत बजावले होते. त्याही आधी, 1934 साली, र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. वाचकांच्या ज्या प्रश्नांवरून खटला झाला, त्यांत समलिंगी संबंधांचाही प्रश्न होता. खटला हरले, पण उभे राहिले. आम्ही जयंतीला इतकी भाषणे ठोकली, ही गोष्ट एकदाही सांगितली नाही.

निकालाच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "काका, जयभीम. कायदा झाला, आता घरी येऊ का?"

आम्हाला उत्तर सुचेना. कायदा किती चालतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? कलम 17 ने 1950 सालीच अस्पृश्यता बंद झाली, तरी खोली भाड्याने मागायला गेलो की आधी आडनाव विचारतात. पण कलम होते म्हणूनच पोलीस ठाण्यात ताठ मानेने तक्रार लिहिता आली. या पोराच्या बाबतीत मात्र दारात उभे राहून आडनाव विचारणारे आम्हीच.

बापाला निरोप दिला. तो म्हणाला, "कोर्टाने सांगितलं, पण वस्तीला कोण सांगणार?"

2023 साली कोर्टाने अशा विवाहांना मान्यता नाकारली, तेव्हा विहारात काहींनी "बघा!" म्हणून टाळी दिली. 2018 चा निकाल कायम आहे, हे आम्ही तेव्हाही बोललो नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही हा विषय मांडणार आहोत, 2015 सालच्या आमच्या सल्ल्यासकट. बापाला पुढे बसायला सांगितले आहे. आई येणारच आहे.