सोळा तास? छे, एकतीस!

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? नेटवर टाका, उत्तर हजर. सुमारे १२,५०० किलोमीटर, थेट विमानानं साधारण सोळा तास. म्हणजे एक झोप, दोन पिक्चर आणि पोचलात! पण ज्यांचं कुणी 'तिकडे' आहे ना, त्यांना विचारा या आकड्याचा खरेपणा.

मुळात जवळचा रस्ता सरळ पश्चिमेला जातच नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो वर सरकतो आणि रशिया, नॉर्वे, आइसलँड करत खाली उतरतो. पण आकाशालाही फाटकं असतात. २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि युनायटेडची नेवार्क-मुंबई थेट सेवा थांबली. शिवाय जाताना वारा समोरून! येताना तोच पाठीशी असतो म्हणून तास-दीड तास वाचतो.

तिकीट तर आणखी चक्रावणारं. थंडीत रात्री दीडला मुंबईहून निघा, त्याच तारखेला सकाळी सातला न्यूयॉर्क. कागदावर साडेपाच तास! उरलेले साडेदहा घड्याळानं गिळलेले.

आम्ही पुण्याचे, दादा न्यू जर्सीत, एडिसनला. त्यामुळे आमचा हिशेब दारापासून दारापर्यंतचा. घाट, एअरपोर्टवर तीन तास आधी, इमिग्रेशनची रांग. थेट विमान मिळालं तरी पंचवीस-सव्वीस तास कुठे गेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, "पुढचे चोवीस तास महत्त्वाचे." मी दादाला फोन केला. त्यानं एकच विचारलं, "मी किती वाजता पोचेन?" थेट विमान नव्हतं. दोन तास शोधून आखातातून एक कनेक्शन मिळालं. फोन ठेवल्यापासून हॉस्पिटलच्या पायरीपर्यंत एकतीस तास. चोवीस आणि एकतीस... ती वजाबाकी आम्ही दोघांनीही केली, पण बोललो नाही.

त्यातले साडेबारा तास तो हवेत, फोन बंद. मी मेसेज टाकत राहिले. 'बीपी ठीक आहे.' 'झोपलेत.' सगळ्यांवर एकच टिक. आई आयसीयूच्या बाहेर माझ्या मोबाइलवर ते इवलंसं विमान बघत बसली होती. दर दहा मिनिटांनी "हललं का गं?" आणि ते काळ्या समुद्रावरच!

तिसऱ्या दिवशी बाबा नीट बोलायला लागले. दादाकडे बघून पहिला प्रश्न, "रजा किती टाकलीयेस?"

"दहा दिवस."

"त्यातले तीन तर प्रवासातच जाणार की रे."